पाण्याच्या जोरावर सोने उपसणारे यंत्र

‘सक्शन पंप’ हा शब्द महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रवाचकाच्या परिचयाचा झाला तो वाळूउपशाच्या बातम्यांमुळे. भीमेच्या किंवा गोदावरीच्या पात्रात बोटीवर बसवलेला पंप, रात्रभर चालणारा उपसा, तहसीलदारांचा छापा आणि जिलेटिनने उडवून दिलेली बोट, असा त्या बातमीचा साचा ठरून गेला आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ नद्यांमध्येही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जातकुळीचे एक यंत्र मोठ्या संख्येने तरंगत असे. तेथे मात्र वाळू कोणालाच नको होती; हवे होते ते वाळूखाली दडलेले सोने. नदीच्या तळाची खडी-माती पाण्यासकट ओढून घ्यायची, तिच्यातले सोने अडवून ठेवायचे आणि बाकीचा सारा ऐवज नदीलाच परत करायचा, हे या यंत्राचे काम. त्याला तिकडे ‘सक्शन ड्रेज’ म्हणतात.

कारखान्यात तयार झालेले ड्रेज बाजारात मिळत. तरीही अनेक हौशी मंडळींनी ते घरच्या घरीच बांधले. जुन्या यंत्राचे इंजिन, एक पंप, काही मीटर होज पाइप, पत्र्याची पन्हळ आणि तरंगण्यासाठी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब, एवढ्या सामग्रीवर परसातल्या छपराखाली हे यंत्र उभे राहू शकते. त्यात न समजण्यासारखे काही नाही. त्याची खरी परीक्षा एकाच ठिकाणी होते. पन्हळीच्या मागच्या टोकातून नदीत नेमके काय परत जाते, हे पाहावे लागते. सोने जात असेल तर नुकसान बांधणाऱ्याचे. पारा जात असेल तर नदीच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाचे. कॅलिफोर्निया राज्यात २००९ साली ही यंत्रे बंद करण्यात आली, ती साल्मन माशांच्या आणि या पाऱ्याच्या प्रश्नावरून. यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय तो वाद नीट कळत नाही.

सोने तळाशीच का?

२४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल या सुताराला कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. त्यानंतर जगभरातून लोक तेथे लोटले. डोंगरातील गारगोटीच्या शिरांमध्ये असलेले सोने लक्षावधी वर्षांच्या झिजेने मोकळे होऊन सिएरा नेवाडा पर्वतातील नद्यांच्या गाळात उतरले होते.

सोन्याची घनता १९.३. साध्या वाळूची सुमारे २.६५. म्हणजे सोने वाळूच्या सातपटीहून थोडे अधिक जड. पण पाण्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी होते, हा आर्किमिडीजचा नियम येथे सोन्याच्या मदतीला येतो. पाण्यात सोन्याचे प्रभावी वजन १८.३ आणि वाळूचे अवघे १.६५ उरते, आणि सातपटीचा फरक अकरापटीवर जातो. नदीला पूर आला की सारा तळ ढवळला जातो आणि त्या ढवळण्यात सोने खाली खाली झिरपत कातळापर्यंत पोहोचते. तेथे खडकाच्या भेगा, मोठ्या दगडांच्या मागची शांत जागा, वळणाच्या आतल्या बाजूचा गाळ या ठिकाणी ते अडकून बसते. आपल्याकडे सराफकट्ट्यावर सोनाराच्या दुकानातील केर-राख धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी वजनाच्या याच फरकावर पोट भरत आले. झारखंडमधील सुवर्णरेखा किंवा केरळच्या निलंबूर भागातील चालियार नदीत लाकडी पराती घेऊन वाळू धुणारी कुटुंबेही तेच करतात.

परात घेऊन बसणाऱ्याची अडचण अशी, की कातळावर साचलेले सोने बहुधा वाहत्या पाण्याखाली आणि एक-दोन मीटर खडीखाली असते. फावड्याने उचललेला गाळ पाण्याबाहेर येईपर्यंत त्यातले बारीक सोने निसटून जाते. जागच्या जागी गाळ ओढून घेणारी नळी असती तर, हा विचार त्यातूनच आला.

दगड पंपातून जात नाहीत

वाळूउपशाच्या पंपात वाळू थेट पंखातून जाते. त्यामुळे पंखा झिजतो आणि मोठा दगड आला की यंत्र अडते. सोन्याच्या ड्रेजमध्ये मुठीएवढा गोटाही विनासायास वर यावा लागतो; म्हणून त्याची कल्पनाच वेगळी आहे. येथे पंप केवळ स्वच्छ पाणी ओढतो आणि ते दाबाखाली एका अरुंद नोझलमधून मोठ्या नळीत सोडतो. नोझलमधून सुटलेली वेगवान धार आपल्याभोवतीचे पाणी सोबत घेऊन निघते. तिच्या मागे दाब कमी होतो आणि त्या जागी नळीच्या खालच्या टोकातून नदीचे पाणी, वाळू आणि गोटे धावत येतात. इटालियन शास्त्रज्ञ जियोव्हानी बाट्टिस्टा व्हेंचुरी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम. बंगल्याच्या बोअरवेलवर पूर्वी ज्यांनी ‘जेट पंप’ बसवला असेल, त्यांनी याच तत्त्वावर पाणी प्यायलेले आहे.

या सोयीची किंमत मोजावी लागते. धारेची बरीचशी शक्ती पाण्यात भोवरे उठवण्यातच खर्ची पडते आणि इंजिनाने दिलेल्या शक्तीचा तिसरा हिस्साही उपशाच्या कामी क्वचितच येतो. म्हणून घरी ड्रेज बांधणाऱ्याने पहिले गणित पंपाचे करावे.

उदाहरणादाखल १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंची, नळीचा ड्रेज घेऊ. साधारण पाच अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला अपकेंद्री पंप मिनिटाला सुमारे ४०० लिटर पाणी २८ मीटर उंचीइतक्या दाबाने देऊ शकेल, असे धरू. या दाबाने नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर येतो आणि मिनिटाला ४०० लिटर त्या वेगाने जाऊ देण्यासाठी नोझलचे छिद्र सुमारे १९ मिलिमीटर व्यासाचे हवे. छिद्र याहून फार लहान ठेवले तर दाब चढतो, पण पाणी अपुरे पडते. फार मोठे ठेवले तर पाणी भरपूर येते, पण धारेत दमच राहत नाही. घरगुती ड्रेज ‘ओढत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा इंजिनात नसतो. पंपाची क्षमता न पाहता अंदाजाने पाडलेल्या छिद्रात असतो.

ही धार मोठ्या नळीत शिरल्यावर ४०० लिटरांच्या जोडीला सुमारे ८०० लिटर नदीचे पाणी ओढले गेले, तर चार इंची नळीतला वेग सेकंदाला अडीच मीटर होतो. खडी वाहून नेण्यास तो पुरतो. मात्र या साऱ्या खटाटोपातून मिळणारे ओढबळ पाण्याच्या सव्वा-दीड मीटर उंचीपेक्षा जास्त नसते आणि त्यातलेही बरेच नळीच्या घर्षणात आणि खडीच्या वजनात संपते. त्यामुळे नळीचे तोंड पाण्याखाली किती खोल आहे याला फारसे महत्त्व नाही, कारण पाण्यातले पाणी उचलायला श्रम पडत नाहीत. पन्हळ पाण्याच्या पातळीपासून किती वर आहे, याला मात्र फार महत्त्व आहे. नवखे लोक यंत्र ऐटीत उंच बांधतात आणि मग ते वर चिखलसुद्धा आणत नाही.

बांधणी

नोझल कोठे बसवायचे याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ते नळीच्या अगदी खालच्या तोंडाशी असते आणि धार माल वर ढकलत नेते. ही रचना सोपी आहे आणि उथळ पाण्यात चालते. पण नळी तुंबली की धार उलट फिरते आणि गोळा होत आलेला माल, क्वचित सोन्यासकट, तोंडातून बाहेर फेकला जातो. दुसऱ्या प्रकारात नोझल पन्हळीच्या जवळ, नळीच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीखाली असते आणि खालची सारी नळी ओढीवर चालते. तिचे तोंड हलके राहते, हाताळणे सोपे जाते आणि ओढ स्थिर मिळते. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून घ्यावी लागते आणि तोंड पाण्याबाहेर आले की हवा शिरून ओढ तुटते, एवढाच तिचा जाच. अनुभवी मंडळींची पसंती या दुसऱ्या प्रकाराला राहिली आहे आणि ती रास्त वाटते.

नोझलचा पाइप मोठ्या नळीत शिरताना शक्य तितका लहान कोन करून, जवळजवळ तिच्याच दिशेने बसवावा. त्याचे टोक नळीच्या पोकळीत डोकावता कामा नये. डोकावले तर पहिला लांबट दगड तेथेच आडवा पडतो. धार नळीच्या भिंतीवर आपटली तर भिंत काही दिवसांत कापली जाते आणि ओढही घटते. जोडाच्या पुढे नळीचा किमान मीटरभर भाग सरळ ठेवावा, कारण धार आणि ओढलेला माल यांना एकजीव व्हायला तेवढी वाट लागते. हे काम चांगल्या वेल्डरकडून करून घेणेच शहाणपणाचे. बाकीचे यंत्र हाताने जमते.

आणखी एक बारकी पण मोलाची गोष्ट म्हणजे तोंडावरील कडे. नळी चार इंची असेल, तर तोंडाला साडेतीन इंचांचे कडे बसवतात. त्यातून जो दगड आत आला तो पुढे कोठे अडकत नाही. हे कडे नसेल तर निम्मा दिवस नळीवर हातोडी मारून तुंबलेले दगड सैल करण्यात जातो.

पंपाच्या पाणी घेणाऱ्या पाइपाला, विहिरीवरच्या पंपाला असतो तसाच, फूट व्हॉल्व्ह आणि जाळी हवी. जाळी तळापासून वर टांगून ठेवावी, नाहीतर पंप स्वतःच उपसलेली वाळू स्वतःच ओढतो. जोडातून हवा येत असेल तर पंप पाणी सोडतो. म्हणून ओढणाऱ्या बाजूचे क्लॅम्प जास्त काळजीने आवळावे लागतात. तरंगण्यासाठी ट्यूब किंवा बंद तोंडाची प्लास्टिकची पिंपे चालतात. इंजिनाचे वजन आणि पन्हळीत साचत जाणाऱ्या काळ्या वाळूचे वजन यांचा तोल आधी पाहून ठेवावा. तराफा मागे कलला की पन्हळीचा उतार बदलतो आणि दिवसभराचे सोने हातचे जाते.

इंजिनाविना

डोंगरातल्या उतरत्या ओढ्यांवर काहींनी इंजिनच वगळले. लांब नळी ओढ्याच्या उताराने खाली अंथरायची, पूर्ण भरून घ्यायची, वरचे तोंड पाण्याखाली फिरवत गाळ ओढायचा आणि खालच्या टोकाशी पन्हळ ठेवायची. घरातल्या टाकीतून नळीने पाणी काढतो, तीच युक्ती. चार इंची, वीस मीटर लांबीची नळी आणि दोन टोकांतील पातळीत दोन मीटरचा फरक असेल, तर स्वच्छ पाण्याचा वेग सेकंदाला सव्वादोन ते पावणेतीन मीटर निघतो. खडी शिरली की तो उतरतो, तरीही काम भागते. ना पेट्रोल, ना आवाज. अट एवढीच, की दहास एक इतका उतार हवा आणि सोने बहुतेक वेळा अशा तीव्र उतारावर न थांबता खालच्या सपाटीवर थांबलेले असते. काही ठिकाणी वरच्या बाजूने पाइपाने आणलेले पाणीच नोझलला जोडून जेट चालवतात. मात्र तेवढा दाब मिळवण्यासाठी बरीच उंची लागते आणि ती गाठायला पाइपही फार लांब लागतो.

पन्हळ, हेच खरे यंत्र

ओढ कितीही जोरात असली तरी सोने मिळते ते पन्हळीत. नळीतून अडीच मीटर वेगाने आलेला लोंढा प्रथम एका पसरट पेटीत सोडतात, म्हणजे त्याचा वेग मोडतो. तेथून तो जाळीवरून जातो. मोठे गोटे जाळीवरून सरळ पुढे निघून जातात आणि बारीक माल खाली, जिथे पाणी शांत आहे तिथे पडतो. या वर्गवारीला कंटाळू नये. मोठा दगड पन्हळीतून घरंगळताना आपल्याबरोबर भोवरा नेतो आणि त्या भोवऱ्यात बसलेले बारीक सोने पुन्हा उचलले जाते.

पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या खाली खरबरीत गालिचा किंवा जाळीदार चटई. पट्टीचा वरचा काठ प्रवाहाच्या दिशेने किंचित वाकवलेला असतो. पाणी तिच्यावरून जाताना मागे एक लहानसा आडवा भोवरा फिरत राहतो. हलकी वाळू त्यातून वर उसळून निघून जाते आणि जड कण गालिच्यात रुततात. उतार साधारण बारा इंचांना एक इंच ठेवून सुरुवात करतात आणि मग डोळ्याने ठरवतात. पट्ट्यांमागची जागा घट्ट भरून दगडासारखी झाली असेल तर उतार किंवा पाणी कमी आहे. पट्ट्या उघड्या, चकचकीत दिसत असतील तर दोन्ही जास्त आहेत. पट्टीमागे अर्धी जागा भरलेली आणि त्यातली काळी वाळू सतत खदखदणारी, ही योग्य स्थिती.

ही पारख नदीवर जाण्यापूर्वी घरीच करता येते. शिशाचे बारीक छर्रे हातोडीने चपटे करून, मोजून शंभर तुकडे वाळूत मिसळावेत, हौदात यंत्र चालवून ते आत सोडावेत आणि पन्हळीत किती उरले ते मोजावे. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्यापेक्षा बरीच कमी. शिसे थांबले तर त्याच आकाराचे सोने थांबणारच. ही परीक्षा न घेता महिनाभर नदीत राबलेल्या माणसाला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही, कारण गमावलेले सोने दिसत नाही.

तरीही अगदी पिठासारखे सोने कोणत्याच साध्या पन्हळीत पूर्ण थांबत नाही. दशांश दीड मिलिमीटरच्या खालचे चपटे कण वाळूच्या कणासारखे बुडत नाहीत. पानासारखे तरंगत जातात. कोरडे झालेले तर पाण्याच्या पृष्ठताणावरच चालू लागतात.

दिवसाच्या शेवटी गालिचा बादलीत धुऊन, उरलेली काळी वाळू परातीत फिरवून सोने वेगळे करतात. पिशवीत गुंडाळलेल्या लोहचुंबकाने त्यातली लोहयुक्त वाळू उचलता येते. येथेच कधीकधी सोन्याचे कण चांदीसारखे पांढुरके दिसतात. हे कण पारा चढलेले असतात. ते घरात, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवून पारा ‘उडवणे’ ही जिवावर बेतणारी चूक आहे. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती फुप्फुसातून थेट रक्तात जाते.

पाण्याखालचा माणूस

उथळ पाण्यात उभे राहून ड्रेज चालवता येतो. पण सोने खोल असेल तर माणसाला पाण्याखाली जावे लागते. तराफ्यावरच्या त्याच इंजिनाला हवेचा छोटा कॉम्प्रेसर जोडून नळीने खाली श्वासाची हवा पुरवतात. इंजिनाचा धूर वाऱ्याने फिरून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला, तर खालच्या माणसाला कार्बन मोनॉक्साईड मिळते आणि शुद्ध हरपेपर्यंत त्याला काही कळत नाही. दुसरा धोका दगडांचा. नळीने खालची खडी ओढली गेली की वरचा शेकडो किलोंचा गोटा निराधार होतो. म्हणून खड्ड्याची वरची बाजू आधी मोकळी करायची, मोठे दगड आधी मागे सारायचे आणि कधीही एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. सिएरातले पाणी वितळत्या बर्फाचे असते. जाड रबरी पोशाखाशिवाय तासाभरात हात काम सोडतात. या छंदाची छायाचित्रे फार रम्य असतात, त्यामुळे हे सांगणे भाग आहे.

पारा कोठून आला?

ड्रेज चालवणारे पारा वापरत नाहीत. तो त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी नदीत ठेवला आहे. १८५३ साली एडवर्ड मॅटिसन याने नेवाडा सिटीजवळ दाबाच्या पाण्याने अख्खी टेकडी फोडण्याची पद्धत सुरू केली. तोफेसारख्या नळ्यांनी डोंगर धुऊन काढायचे, तो गाळ मैल-मैल लांबीच्या लाकडी पन्हळीतून न्यायचा आणि बारीक सोने पकडण्यासाठी पन्हळीत पारा ओतायचा, असा तो उद्योग होता. गाळाने खालची शेते आणि शहरे बुडू लागली, तेव्हा १८८४ साली न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली आणि तो उद्योग जवळजवळ थांबला. पारा मात्र राहिला. कॅलिफोर्नियातील अशा खाणकामातून सुमारे एक कोटी पौंड, म्हणजे पंचेचाळीस लाख किलो, पारा पर्यावरणात गेल्याचा अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचा अंदाज आहे आणि त्यातला बहुतांश सिएरा नेवाडातच. पाऱ्याची घनता १३.६. म्हणजे सोने जेथे जाऊन बसते, नेमक्या त्याच भेगांत तोही जाऊन बसतो.

येथे ड्रेजवाल्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, आमचे यंत्र जड धातू पकडण्यासाठीच बनलेले आहे. आम्ही नदीतला पारा, शिशाचे छर्रे, मासेमाऱ्यांची वजने फुकटात बाहेर काढतो. हा दावा तपासण्यासाठी राज्याच्या जलसंपदा नियंत्रण मंडळाने अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावरील पाऱ्याने भरलेल्या एका जागी प्रत्यक्ष ड्रेज चालवून पाहिला. २००५ सालच्या अहवालात निष्कर्ष आला, की पन्हळीने ९८ टक्के पारा पकडला. ड्रेजवाल्यांना हा आकडा पाठ झाला, यात नवल नाही. पण अहवालाचा उरलेला भाग अधिक महत्त्वाचा होता. सुटलेला दोन टक्के पारा पन्हळीतल्या आदळआपटीने अतिशय बारीक थेंबांत फुटला होता आणि मागच्या टोकातून बाहेर पडणाऱ्या गाळात त्याचे प्रमाण घातक कचऱ्याच्या मर्यादेच्या दहापटीहून अधिक भरले. कातळाच्या भेगेत गोळा होऊन पडलेला पारा बराच काळ जागेवर राहतो. पिठासारखा झालेला पारा पाण्याबरोबर दूर जातो. खालच्या दलदलींत, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात, सूक्ष्मजंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो आणि अखेरीस ताटात येतो. २०११ साली भूसर्वेक्षण संस्थेने दक्षिण युबा नदीवर केलेल्या अभ्यासातही पारा मुख्यत्वे कातळालगतच्या गाळाच्या अतिसूक्ष्म भागात आढळला. पन्हळ नेमकी हाच भाग पकडू शकत नाही.

सोन्याच्या पिठाविषयी जे खरे, तेच पाऱ्याच्या पिठाविषयीही. यंत्राची मर्यादा एकच. फरक इतकाच, की पहिल्याची चुटपुट मालकाला लागते आणि दुसऱ्याची कोणालाच लागत नाही.

न्यायालयाची पायरी

कॅलिफोर्नियात १९६१ पासून ड्रेजसाठी मत्स्यखात्याचा परवाना लागत असे आणि बंदीपूर्वीच्या काळात वर्षाला सुमारे तीन हजार परवाने दिले जात. पहिला मोठा धक्का उत्तरेकडील क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातून आला. तेथील कारुक या मूळनिवासी जमातीचे जीवन साल्मन माशांभोवती गुंफलेले आहे. साल्मन खडीत अंडी घालतो. ड्रेज तीच खडी उपसतो आणि मागे सैल ढिगारे ठेवतो. मासा या मऊ ढिगाऱ्यांत अंडी घालतो खरा, पण हिवाळी पुरात ते ढिगारेच वाहून जातात. २००५ साली जमातीने राज्याला न्यायालयात खेचले. ऑगस्ट २००९ मध्ये राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी तात्पुरत्या बंदीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली. पुढे ती मुदत वाढत गेली आणि २०१६ च्या आरंभापासून मत्स्यखात्याखेरीज पाण्याच्या गुणवत्तेविषयीची परवानगीही कायद्याने सक्तीची झाली.

खाणकऱ्यांचा मुख्य आधार होता १८७२ चा संघराज्याचा खाण कायदा. केंद्र सरकारच्या जमिनीवर खनिज शोधण्याचा हक्क संसदेने आम्हाला दिला आहे, राज्य तो यंत्रबंदी करून कसा हिरावणार, असा त्यांचा सवाल होता. परवान्याविना ड्रेज चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या एका खाणकऱ्याचे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की १८७२ च्या कायद्याने खनिजावर हक्क दिला असला, तरी ते कोणत्याही पद्धतीने काढण्याची मुभा दिलेली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ओरेगॉनने २०१७ साली आणि वॉशिंग्टन राज्याने २०२० साली साल्मनच्या नद्यांपुरते निर्बंध कायद्यात आणले. आयडाहो राज्यात मात्र ठराविक नद्यांवर आणि ठराविक हंगामात परवाना घेऊन लहान ड्रेज चालवता येतो.

ड्रेजवाल्यांची बाजू सहानुभूतीने पाहायला हवी. बहुतेक जण निवृत्त, डोंगराकडेच्या लहान गावांत राहणारे. वर्षभराच्या कमाईत यंत्राचा खर्चही न निघणारे. धरणांनी साल्मनची वाट अडवली तेथे कोणी बोलले नाही आणि चार इंची नळीवर मात्र बंदी आली, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. पण त्याने पन्हळीच्या मागच्या टोकातून जाणारा दोन टक्के पारा परत येत नाही.

भारतात हा छंद म्हणून करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सोने हे खाण व खनिजे कायदा, १९५७ च्या कक्षेतले खनिज असल्याने परवान्याविना त्याचा उपसा हा गुन्हा ठरतो आणि नदीपात्रात यंत्र उतरवण्यासाठी वेगळ्या परवानग्या लागतात, त्या वेगळ्याच.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पाहुण्यांना हमखास कोलोमाच्या ऐतिहासिक उद्यानात घेऊन जातात. मार्शलला सोने सापडले त्याच नदीच्या काठी, आखून दिलेल्या जागेत, आजही कोणालाही वाळू धुऊन पाहता येते. तेथे फावडे चालत नाही, पन्हळ चालत नाही, पंप तर नाहीच. फक्त परात आणि दोन हात.